जुन्या सहीचं कात्रण बसवून बेसबॉल कार्डाच्या मापाचं कार्ड घरी कसं करायचं?

वडगाव_संग्रह विचारतात:

नमस्कार मंडळी. दोन सह्यांची कार्डं करायची आहेत. पहिली सही १९३०च्या दशकातल्या एका अमेरिकन बेसबॉलपटूची, ३×५ इंची इंडेक्स कार्डावर निळ्या शाईपेनानं केलेली. दुसरी विजय हजारेंची, ऑटोग्राफ वहीच्या गुलाबी पानावर. त्या पानाच्या पाठीमागं आणखी एका क्रिकेटपटूची सही आहे.

कंपन्यांच्या कट ऑटोग्राफ कार्डासारखं हवंय: वर फोटो, खाली खिडकी, खिडकीत खरी सही. थर किती आणि कसले घ्यायचे? सही कशानं चिकटवायची? वरून लॅमिनेशन केलं तर चालेल का? सध्या बेळगावात पाऊस लागून राहिलाय, कागद हाताला दमट लागतोय. कार्ड वाकू नये म्हणून काय करावं?

शहापूर_बाइंडर:

लॅमिनेशनचं आधी सांगतो: नको. गरम लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक वितळून कागदाच्या तंतूंत शिरतं, ते परत निघत नाही, आणि जुनी शाई उष्णतेनं बदलू शकते. सही चिकटवायचीही नाही. ती खिशात ठेवायची, म्हणजे उद्या कार्ड खराब झालं तरी सही जशीच्या तशी बाहेर काढता येते. सगळी रचना याच हिशेबानं करा.

तीन थर घ्या. पुढचा आणि मागचा ३०० जीएसएमचा, साधारण ०.३५ मिमी. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात याचे उरलेले तुकडे मिळतात. एका बाजूनं चकचकीत आणि दुसरीकडून साधा असलेला घ्या, चकचकीत बाजूला खळ धरत नाही. मधला थर ०.५ मिमीचा आम्लमुक्त बोर्ड. फ्रेमवाल्याकडचा स्वस्त माउंट बोर्ड बहुधा लाकडी लगद्याचा असतो. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि लागून असलेल्या कागदावर डाग सोडतो. तिन्ही मिळून १.२ मिमी, म्हणजे ४७ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यामुळे नेहमीच्या ३५ पॉइंटच्या टॉपलोडरात (कार्ड ठेवायच्या कडक प्लास्टिकच्या कव्हरात) ते जाणार नाही, ५५चा मागवा.

मापं आडव्या कार्डाची देतो. बाहेरून ८८.९ × ६३.५ मिमी. सहीचा कागद ६० × २८, खिडकी ५४ × २२, म्हणजे चारी बाजूंनी ३ मिमी कागद खिडकीच्या काठाखाली दबतो. मधल्या थरातला खिसा ६१ × २९ कापा. हा अर्धा-अर्धा मिलिमीटर विसरू नका: ओल्या हवेत कागद फुगतो, जागा नसली की सहीचा कागद पोट काढतो आणि खिडकीतून बाहेर येतो. खिडकीची खालची कड कार्डाच्या कडेपासून ९ मिमीवर ठेवली की वर फोटो आणि नावाला ३२ मिमी उरतात.

कार्ड वाकतं त्याला पाऊस निमित्त असतो. खरं कारण कागदाचा दाणा. तिन्ही थरांचा दाणा एकाच दिशेला हवा. तुकडा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या वळणाच्या रेषेला समांतर दाणा असतो. एक थर आडवा लागला की ओलीत तो दुसऱ्या दिशेनं फुगणार आणि कार्डाची वाटी होणार.

खळ गव्हाच्या स्टार्चची. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसू लागली की उतरवा, गार झाल्यावर गाळणीतून घासून काढा. कुरडईचा आंबवलेला, मीठ घातलेला चीक वापरू नका, त्यातून आम्ल आणि मीठ कागदात उतरतं. बाइंडिंगच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालायची पद्धत आहे. हिशेबाच्या वह्यांना ते ठीक, इथं अजिबात नको. त्यातल्या तांब्यामुळे कागद कुजतो. बिनमोरचुदाची खळ दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करा.

आधी पुढचा आणि मधला थर चिकटवा. खळ अगदी पातळ लावायची, खिशाच्या कडेला ओघळ जाता कामा नये. वर-खाली टीपकागद, त्यावर सपाट वजन, चोवीस तास. पावसाळ्यात टीपकागद पहिल्या तासात एकदा आणि रात्री एकदा बदला. पूर्ण सुकल्यावरच सही खिशात ठेवा. मागचा थर खळीनं न लावता आम्लमुक्त दुहेरी टेपच्या पट्ट्यांनी लावा, कारण सही आत गेल्यावर ओल जवळ आणायची नाही.

थर सुरुवातीला ९५ × ७० मिमीचे, जरा मोठेच घ्या. छपाईवर कार्डाच्या कडांच्या खुणा ठेवा आणि शेवटी त्या खुणांवर एकदम कापा. आधी मापात कापून मग चिकटवले तर थर सरकतात आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ३ मिमी पत्र्याचा ८८.९ × ६३.५चा साचा लेझरनं कापून घ्या, पट्टीपेक्षा ते बरं. नवं पातं, तीन-चार हलके हात. एकाच जोरात कापायला गेलात तर लेझर प्रिंटचा टोनर कडेला तडकतो.

निपाणी_सहीपारखी:

कात्री लावण्याआधी सही तपासून घ्या की ओ. कापल्यावर कागदाचा अर्धा पुरावा जातो.

दहापट भिंगातून बघा. छापील सही असेल तर बहुधा ठिपके दिसतील. शाईपेनाच्या रेघेत बऱ्याचदा दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिकं असतं, कारण निबाच्या दोन फाळ्या फाकतात. बॉलपेनानं कागदावर चर पडते, ती तिरप्या उजेडात दिसते. बॉलपेन अमेरिकेत बाजारात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. बेसबॉलपटू लू गेरिग १९४१ मध्ये गेला, त्यामुळे त्याची बॉलपेनातली सही कुणी दाखवली तर विषय संपला. दुसरा बेसबॉलपटू बेब रूथ ऑगस्ट १९४८ पर्यंत हयात होता, तिथं नुसत्या पेनावरून निकाल देता येत नाही.

दुसरी तपासणी यूव्ही टॉर्चची, अंधाऱ्या खोलीत. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. सही १९३०च्या दशकातली म्हणता आणि कार्ड निळसर पांढरं झगझगलं, तर कागद नंतरचा. झगझगलं नाही म्हणून सही खरी असंही नाही; नकली करणारे जुन्या पुस्तकांची कोरी पानं वापरतात. टॉर्च काही सेकंदच, शाईला तो प्रकाश मानवत नाही.

मग दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. कापताना सहीच्या शेवटच्या फटकाऱ्यापासून सगळीकडून निदान ५ मिमी कागद राहू द्या. अगदी टोकाशी कापलेल्या सहीकडे जाणकार संशयानं बघतो, आणि ते रास्तच आहे. उरलेला तुकडा टाकू नका, शाई-कागद पडताळायला तोच कामी येतो.

खानापूर_ओलावा:

अथणी-चिकोडीकडं हवा कोरडी, तिथं हे काम बारमाही चालतं. आपल्याकडं जुलैत करायचंच असेल तर कागद, बोर्ड, सही सगळं दोन दिवस आधी घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पण जेल सहीला टेकू देऊ नका. डब्यात छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) टाका, ५० टक्क्यांच्या आसपास काटा आला की काम सुरू. फार कोरडंही नको, ठिसूळ जुना कागद कापताना चिरतो.

फोटो इंकजेटवर छापणार असाल तर पिगमेंट शाई असल्याची खात्री करा. साधी डाय शाई दमटपणात पसरते. मापात छापायला ३०० डीपीआयला १०५० × ७५० पिक्सेल लागतात, त्यात चारी बाजूंनी ३ मिमी जादा धरा.

दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात. त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन शाई उचलतं. आधी पॉलिप्रॉपिलीनची पातळ स्लीव्ह, मग टॉपलोडर.

वडगाव_संग्रह:

मनापासून आभार. इंडेक्स कार्डाचं काम कळलं. हजारेंच्या पानाचं काय करू? पाठीमागची सही त्यांच्या सहीच्या निम्म्या भागावर येते.

शहापूर_बाइंडर:

पान उजेडासमोर धरा आणि वर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म ठेवून त्यावर (पानावर नाही) दोन्ही सह्यांची हद्द आखा. दोन्हींना सामावणारा चौकोन ५ मिमी मोकळ्या जागेसह ७८ × ५२ मिमीत बसला, तर दुतर्फा कार्ड करा: मधल्या थरात एकच खिसा, पुढं-मागं दोन्हीकडं खिडकी, फोटो नाही, नावं कडेला बारीक. सहीची शाई खिडकीच्या कडेला घासू नये म्हणून मधला थर ०.५ ऐवजी ०.८ मिमीचा घ्या. जाडी ५९ पॉइंटवर जाईल, मग टॉपलोडर ७५चा.

चौकोन त्याहून मोठा असेल तर पान कापू नका, माझं स्पष्ट मत आहे. हजारेंच्या कप्तानीत १९५२ साली मद्रासला भारतानं आपला पहिला कसोटी विजय मिळवला. अशा माणसाच्या सहीसाठी दुसऱ्या कुणाची सही अर्धी तोडणं बरोबर नाही. स्कॅनवरून कार्ड करा, मागं 'सहीची प्रत' असं छापा आणि पान पॉलिएस्टरच्या खिशात अखंड ठेवा.

दोन्ही कार्डांच्या मागं 'घरी बनवलेलं' आणि साल छापाच. कुठल्याही कार्ड कंपनीचं बोधचिन्ह नको. पुढं कार्ड दुसऱ्याच्या हाती गेलं तर ते कंपनीचं म्हणून विकलं जायला नको.