क्वालिटी सर्कल काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालतं, काही ठिकाणी सहा महिन्यांत बसतं, असं का?

चाकणचा_क्यूए:
नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, नाव नको. गेल्या वर्षी आमच्याकडे गाजावाजा करून क्वालिटी सर्कल सुरू झाली (म्हणजे एकाच विभागातल्या कामगारांचे छोटे गट, आपल्या कामातले प्रॉब्लेम शोधून उपाय सुचवणारे), मोठ्या साहेबांच्या हस्ते नारळ फुटला, टी-शर्ट वाटले, मशीन शॉपचं सर्कल 'शिवनेरी', पेंट शॉपचं 'इंद्रायणी' वगैरे. आता शिवनेरीची मीटिंग फक्त रजिस्टरात होते. परवा ते रजिस्टर उघडलं तर चार महिन्यांचे मिनिट्स एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, आणि सातही जणांच्या सह्या एकाच बाजूला कललेल्या! आता एचआरने मला फॅसिलिटेटर, म्हणजे सर्कलना मदत करणारा, केलंय आणि चॅप्टर कन्व्हेन्शनला (सर्कलांच्या विभागीय स्पर्धेला) दोन केस पाठवायच्याच म्हणून सांगितलंय. मॅनेजर म्हणतात कामगारांना इंटरेस्ट नाही. मला नाही तसं वाटत, पण मग अडतं कुठे?

जुना_सुपरवायझर:
इंटरेस्ट नाही हे मॅनेजर लोकांचं ठरलेलं उत्तर आहे रे. माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. आमच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) एका हाउसिंगची डेप्थ मधूनच मापाबाहेर जायची, रिपोर्टमध्ये शिफ्टवार आकडे त्यामुळे कुणाला काही कळेना, सर्कलच्या पोरांनी काय केलं तर प्रत्येक रिजेक्ट पीससमोर नुसता टाइम लिहायला लागले. तर सगळा माल जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तीन-चार पीसमधलाच! सुट्टीत स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) थंड व्हायचा, मशीन गरम होईस्तोवर माप हलायचं. उपाय काय, सुट्टी संपायच्या आधी कुणीतरी येऊन वॉर्म-अप सायकल लावायची. प्लँट हेड स्वतः मशीनपाशी आले, तो कागद बघितला आणि म्हणाले उद्यापासून करा. नंतर पोरं शिफ्ट सुटल्यावरसुद्धा थांबायची, कुणी सांगावं लागायचं नाही.

पुढची केस फिक्स्चरच्या लोकेटर पिनची, म्हणजे मशीनवर पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनची. तीच पोरं, तोच अभ्यास, पण मधल्या काळात प्लँट हेड बदलले. फाईल प्रॉडक्शन मॅनेजरकडे, तिथून टूल रूमला, तिथून परचेसला, विचारलं की "बघू". नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. तीन महिन्यांत सर्कल बंद. आता सांग, इंटरेस्ट कुणाला नव्हता?

पुस्तकी_किडा:
काकांना अनुमोदन. लॉलर आणि मोहरमन या अमेरिकन अभ्यासकांनी 1985 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत साधारण हेच मांडलं होतं. सर्कलला फक्त सुचवायचा अधिकार असतो, ठरवायचा नाही, म्हणून सुरू करायला सोपं जातं आणि त्याच कारणाने पुढे मरतं, कारण सूचना मंजूर करणारा मधला मॅनेजर या सगळ्यात कुठेच नसतो, उलट त्याला वाटतं हे आपल्या चुका वर दाखवतायत. अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीने 1974 ला सुरू केलं, भरपूर नाव झालं, मग चालवणारी मुख्य मंडळी कंपनी सोडून सल्लागार झाली आणि तिथलं काम ढेपाळलं.

जपानात 1962 ला क्वालिटी तज्ज्ञ इशिकावांच्या पुढाकाराने फोरमन लोकांसाठी मासिक निघालं, ते सेक्शनमधल्या कामगारांसोबत बसून वाचायचं आणि त्यातलं आपल्या कामावर लावून बघायचं, सर्कल निघाली ती यातून. म्हणजे आधी शिकणं, बचतीचा आकडा नंतर. आपल्याकडे 1980 ला भेलच्या हैदराबाद युनिटमध्ये उडपा साहेबांनी सुरुवात केली, 1982 ला क्वालिटी सर्कल फोरम झाला. पण आपल्या बऱ्याच कंपन्यांनी उचललं काय, तर स्पर्धा आणि ट्रॉफी. उपाय आधी झालेला असतो आणि फिशबोन, परेटो (कारणं शोधायच्या आकृत्या) मागाहून ऑफिसात बसून काढतात. स्टेजवर मात्र ऑपरेटरला उभं करतात, बिचारा पाठ केलेलं बोलतो आणि प्रश्न आला की साहेबाकडे बघतो.

सातपूरचा_फिटर:
तुम्ही सगळे ऑफिसच्या बाजूने बोलताय राव, आमचं पण ऐका. सर्कलने सायकल टाइम कमी केला की पुढच्या सेटलमेंटला (युनियनसोबतच्या पगार कराराला) तेच टार्गेट म्हणून टेबलावर येतं, आणि दोन माणसं मोकळी झाली की त्यांची बदली. मग कोण तोंड उघडणार? आमच्याकडे युनियनने आधी लेखी घेतलं की सर्कलच्या कामातून कुणाचं काम जाणार नाही, त्यानंतरच पोरं बसली. मीटिंग शिफ्टमध्ये असेल तर लाईनला बदली माणूस द्या, शिफ्टनंतर असेल तर ओटी द्या, चहा-समोशावर भागवू नका, शेवटची बस चुकते माणसाची.

आणि अजून एक, लाईनवर निम्मी पोरं कंत्राटी नाहीतर ट्रेनी, मशीनला रोज हात त्यांचा आणि सर्कलमध्ये नावं परमनंटवाल्यांची. खरा प्रॉब्लेम ज्याला माहीत तो बाहेर उभा.

चाकणचा_क्यूए:
बापरे, कंत्राटीचा मुद्दा आमच्याकडे शंभर टक्के लागू आहे, शिवनेरीत एकही कंत्राटी पोरगा नाही. पण काका, त्या दोन केसचं काय करू? एचआर रोज विचारतं.

जुना_सुपरवायझर:
एकच पाठव, छोटी असली तरी चालेल पण पोरांनी स्वतः केलेली. विषय त्यांना निवडू दे, तू नको सुचवूस. पहिला विषय कदाचित पाण्याच्या कूलरचा नाहीतर बसायच्या स्टुलाचा निघेल, हसू नकोस, तो आधी सोडव. आणि प्लँट हेडकडून एवढं लेखी घे की सर्कलचा प्रस्ताव आला की पंधरा दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर मॅनेजरने स्वतः सर्कलसमोर येऊन कारण सांगायचं. हे मिळालं नाही तर फॅसिलिटेटरकी गोड बोलून परत कर, फुकट बदनाम होशील.

सातपूरचा_फिटर:
आणि कंत्राटी पोरांना घेणार असशील तर ठेकेदाराशी आधी हजेरीचं बोलून घे भाऊ, नाहीतर पोरगा तासभर मीटिंगला बसला म्हणून तेवढा तास कापतील आणि तो परत फिरकणार नाही.