मदत हवी आहे: सासूबाईंना जंताचं औषध द्यावं की नको? (तातडीचं)

रामबागची_सून: सासूबाईंच्या तपासणीत जंत निघालेत. डॉक्टर म्हणतात आधी औषध घ्या. धाकट्या दिरांनी अमेरिकेहून लेख पाठवलाय की पोटात जंत असले तर ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) दबून राहतो, मारले की उसळतो. आता आई औषधाला हातच लावत नाहीत. कोणाला अनुभव? लवकर सांगा, उद्या दाखवायला जायचंय.

मालवी_माणूस: आजार कोणता? जंत कोणते? वय किती?

उसळपोहे: सराफ्यातलं खाणं बंद करा आधी.

रामबागची_सून: त्या बाहेरचं खात नाहीत हो. आमवात आहे, तोही ऑटोइम्यूनच. वय ६३.

काढेवाले_काका: वावडिंगाचं चूर्ण गुळातून द्या. आमच्या घरी तीन पिढ्या हेच.

लॅबवाला_देवास: काका, जरा थांबा. ताई, रिपोर्टात जंताचं नाव असेल ते टाका.

ग्वाल्हेरकर: दिरांचं अगदीच खोटं नाही. जंत स्वतः तगून राहण्यासाठी आपली प्रतिकारशक्ती मंदावतात. अर्जेंटिनात जंत असलेल्या १२ एमएस (मेंदू-मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) रुग्णांवर २००७ साली अभ्यास आला, त्यांचा आजार फारच कमी उसळला होता. पुढे त्यातल्या चौघांना जंताचं औषध द्यावं लागलं तर एमएस पुन्हा वाढला.

मालवी_माणूस: बारा माणसं! आणि तो एमएस, इथे आमवात. डुकराच्या जंतांची अंडी क्रोन्सच्या (आतड्याला सूज येण्याचा आजार) रुग्णांना पाजून पाहिली, सुरुवातीला फार गाजावाजा झाला. २०१३ मध्ये मोठ्या चाचणीत नुसत्या पाण्याइतकाच गुण आला. हे का नाही लिहीत कोणी?

ग्वाल्हेरकर: मी कुठे पाजा म्हटलं? आधी नीट वाचा.

उसळपोहे: म्हणजे इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, जंतच उरले नाहीत, म्हणूनच घरोघरी थायरॉइड 😄

छत्रीबागवाला: भिया, स्वच्छतेचं सोडा, आमच्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड. त्यावर धागा काढा कोणीतरी.

रामबागची_सून: रिपोर्टात ‘स्ट्राँगिलॉइड्स लार्व्हा’ लिहिलंय. इओसिनोफिल (जंत असले की वाढतात त्या पांढऱ्या पेशी) १४ टक्के. लहानपण खरगोनकडे शेतात गेलं, पण त्याला पन्नास वर्षं झाली.

लॅबवाला_देवास: पन्नास झाली तरी हा जंत राहू शकतो. मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि पोटातल्या पोटात पुन्हा पुन्हा लागण करत राहतो, बाकीचे बहुतेक जंत असं करत नाहीत. स्टेरॉइड चालू आहे का?

रामबागची_सून: हो, प्रेडनिसोलोन. मध्यंतरी गुडघे फार सुजले तेव्हापासून. त्याचा काय संबंध?

लॅबवाला_देवास: सगळा संबंध तोच! स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की हे जंत अफाट वाढतात, फुप्फुसापर्यंत जातात, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. माणूस जाऊ शकतो. जंत आमवात दाबतील या आशेवर बसायची ही जागा नव्हे. स्टेरॉइड मनाने बंद करू नका, एकदम थांबवलं तरी त्रास होतो. उद्याची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगा.

काढेवाले_काका: शाळेत मुलांना १० फेब्रुवारीला देतात ती गोळी दिली की झालं ना मग?

लॅबवाला_देवास: ती अल्बेंडाझोल. या जंतावर आयव्हरमेक्टिन जास्त चालतं, डोस वजनावर. डॉक्टरच ठरवतील.

ग्वाल्हेरकर: हे पटलं. माझा मुद्दा एमएसपुरताच होता.

मालवी_माणूस: शेवटी आलात!

रामबागची_सून: फोन झाला. जंताचं औषध आजच सुरू करायला सांगितलंय, स्टेरॉइडचं उद्या बघून ठरवतील. आईंना ‘फुप्फुसात जातात’ एवढं वाचून दाखवलं, गोळी घेतली. दिरांना लिंक पाठवली आहे, ते आता म्हणताहेत सेकंड ओपिनियन घ्या.

छत्रीबागवाला: पाण्याचा धागा काढला आहे. रामबागवाल्यांनी तिकडे सह्या कराव्यात.