थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही, मदत हवी आहे

रानवाट:
गाडी फोर बाय फोर, मॅन्युअल, डिझेल. थंडी पडल्यापासून सकाळी पहिल्यातून दुसरा पडतच नाही. जोर लावला की खर्रर्र. थोडी चालून गरम झाली की लोण्यासारखा पडतो. गॅरेजवाला म्हणतो सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवायचा. शनिवारी निघायचंय. उतरवू का नको, एवढंच सांगा.

दगडधोंडे:
थंडी म्हणजे किती? गिअरबॉक्समधलं ऑइल कोणतं? क्लच कसाय? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

डोंगरदऱ्या:
डिझेल आहे ना, मग हीटर प्लग तपासा. बॅटरीही बघून घ्या, थंडीत आधी तीच दगा देते.

रानवाट:
अहो, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. त्रास गिअरचा आहे. ऑइल मागच्या सर्व्हिसला बदललंय. थंडी शून्याच्या आसपास.

जुनी४x४:
बदललं, पण कुठल्या ग्रेडचं? सिंक्रोच्या पितळी रिंगला गिअरच्या कोनवरचा (निमुळत्या भागावरचा) ऑइलचा थर कापून पकड घ्यावी लागते. ऑइल घट्ट असेल तर ती घसरत राहते आणि दात घासतात. 75डब्ल्यू ऑइल उणे 40 ला जेवढं घट्ट होतं, तेवढं 85डब्ल्यू उणे 12 लाच होतं. सिंथेटिक 75डब्ल्यू-90 घाला.

चिखलप्रेमी:
सरळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) घाला. माझ्या गाडीत तेच आहे, थंडीत एकदम हलका गिअर.

जुनी४x४:
तुमच्या मॅन्युअलमध्ये एटीएफच लिहिलं असेल. सगळ्यांना नका सांगू हो, 90 नंबरच्या घट्ट ऑइलवर चालणाऱ्या बॉक्सची बेअरिंगं जातील. आणि जीएल-4 (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-5 पण नको, त्यातलं गंधक पितळ खातं.

चिखलप्रेमी:
आता असं जीएल-5 पण मिळतं जे पितळ खात नाही. जुन्या गोष्टी आहेत या.

जुनी४x४:
पितळ नाही खाल्लं तरी ते जास्त निसरडं असतं. रिंगला घर्षण लागतं.

दगडधोंडे:
ऑइलचं भांडण नंतर. इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद असताना हलके पडले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये.

रानवाट:
बंद असतानाही सकाळी जडच. चालू इंजिनवर रिव्हर्स मात्र बिनआवाज पडतो. दिवाळीनंतर एक ओढा ओलांडताना पाणी दरवाज्यापर्यंत आलं होतं, त्याचा काही संबंध?

दगडधोंडे:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! रिव्हर्स बिनआवाज पडतो म्हणजे क्लच ठीक आहे. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम गार पडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) पाणी ओढलं जातं. ऑइल भरायचा वरचा नट आधी सोडवा, मगच ऑइल काढायचा खालचा. खालचा आधी काढलात आणि वरचा सुटलाच नाही, तर ऑइल भरता येणार नाही आणि गाडी जागेवरच बसेल. बोट घालून ऑइलचा रंग सांगा.

रानवाट:
बोटाला चहासारखं दुधाळ, फेसाळ लागलं. ब्रीदरची नळी पण निसटलेली आहे.

दगडधोंडे:
म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलंय. मग गिअरबॉक्स उतरवू नका. ऑइल गरम असताना काढा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं भरा, थोडी चालवून पुन्हा बदला. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले गिअरचे डबे) यांचंही ऑइल उघडून बघा. त्यानंतरही खर्रर्र राहिलं, तरच सिंक्रो.

डोंगरदऱ्या:
ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंच बांधून घ्या. आणि बॅटरीचं बघाच.