दमट हवेत छताची उष्णता आकाशात जाते का?

प्रश्न
वरच्या मजल्यावर राहतो. सिमेंटचं सपाट छत दिवसभर तापतं आणि मध्यरात्र उलटली तरी खोलीत उकडतं. आकाशाकडे उष्णता सोडून थंड राहणाऱ्या रंगांबद्दल वाचलं. आमच्याकडे हवा कायम दमट. उपयोग होईल का? की चकचकीत पत्रा टाकू?

उत्तर १
उपयोग होईल, पण कशामुळे ते आधी बघा. तापलेलं छत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडतं. त्यातल्या आठ ते तेरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असते, छताची उष्णता तिथून थेट अवकाशात निसटते. बाष्प ही वाट अडवतं, ढग तर जवळपास बंदच करतात. कोरड्या रात्री चौरस मीटरमागे शंभरेक वॅट जात असतील, तर दमट रात्री त्याच्या निम्मेही मिळणं कठीण.

आता ऊन धरा. भर दुपारी चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. करडं सिमेंट त्यातले सहाशे सहज शोषतं, चांगला पांढरा थर दोनशेच्या आसपास. म्हणजे खरी कमाई ऊन परतवण्यात आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगातला, आकाशाकडे उष्णता सोडणाऱ्या खास थराचा तुकडा भर उन्हात हवेपेक्षा ४.९ अंश थंड राहिला, तोही ९७ टक्के ऊन परतवल्यामुळेच.

पत्रा नको! तो ऊन परतवतो, पण जेवढं शोषतो ते किरणांवाटे फारसं सोडत नाही, म्हणून हाताला चटका बसतो. डोळ्यांना पांढरा दिसणारा चुना मात्र अवरक्तात जवळजवळ काळा असतो, म्हणजे ते किरण शोषतोही आणि सोडतोही, त्यामुळे उष्णता मोकळेपणी सोडतो.

प्रश्नकर्ता
म्हणजे रात्री छत हवेपेक्षा थंड होणारच नाही?

उत्तर १
होईल, दोन-चार अंशांनी. मग दव आडवं येतं. दमट हवेत दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, हवेच्या तापमानाच्या अगदी जवळ असतो. पृष्ठभाग तिथवर उतरला की पाणी साचू लागतं, आणि दर किलो पाण्यामागे सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता छताला परत मिळते.

उत्तर २
आमच्या छतावर पांढरा थर आहे. पावसाळा संपला की उताराच्या कडेला आणि पाइपाच्या तोंडाशी काळं शेवाळ धरतं, बाकीवर धूळ. उन्हाळ्याआधी ब्रशने घासून धुवावंच लागतं.

उत्तर १
अगदी बरोबर. आणि स्लॅबवर जाड उष्णतारोधक टाकणार असाल तर थांबा: ऊन अडेल, पण रात्री स्लॅबची उष्णता वर जायची वाटही बंद होईल. आधी पांढरा थर देऊन एक उन्हाळा बघा.