मदत हवी आहे : युद्धनौका बांधणीत स्थानिक लघुपुरवठादारांशी सचोटीची भागीदारी कशी उभारावी?

नमस्कार,

युद्धनौका बांधणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी काम करतो. व्हॉल्व्ह, फ्लँज, पाइप-स्पूल, केबल-ट्रे, लहान कास्टिंग (ओतीव भाग) आणि रंगकाम अशी कामे परिसरातील छोट्या कारखान्यांकडे अधिक प्रमाणात सोपवायची असे आमच्याकडे ठरले असून, त्यांच्याशी करायच्या दीर्घ मुदतीच्या करारांचा मसुदा माझ्याकडे आला आहे. आचारसंहिता, लाचविरोधी हमीपत्र आणि गुणवत्ता-प्रमाणपत्रांचे नमुने माझ्याजवळ आहेत. मला मार्गदर्शन हवे आहे ते वेगळ्याच गोष्टीबाबत. आपल्या मालात दोष राहिला आहे हे पुरवठादाराने स्वतःहून आणि वेळेत सांगावे, आणि तसे सांगितल्यामुळे त्याचा धंदा बुडू नये, अशी तरतूद करारात कशी करावी?

या प्रश्नाला मी इतके महत्त्व देतो त्यामागे ब्रॅडकेन कंपनीचे प्रकरण आहे. अमेरिकेतील टाकोमा येथील तिच्या फाउंड्रीत नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादी कास्टिंग होत असत. तेथील मुख्य धातुशास्त्रज्ञाने १९८५ ते २०१७ या काळात पोलादाच्या ताकदीच्या आणि चिवटपणाच्या चाचण्यांचे निकाल बदलले. किमान २४० कास्टिंगच्या बाबतीत हे घडले, आणि २०१७ मध्ये प्रयोगशाळेतीलच एका कर्मचाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत ते बाहेर आले नाही. त्यानंतरही कंपनीने नौदलाला तफावत कळवताना त्यामागे फसवणूक नसल्याचे भासवले. २०२० मध्ये तिने सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. एवढी वर्षे कागदोपत्री सगळे बरोबर होते, ही बाब मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

असा दोष समुद्रात किती महागात पडू शकतो याचे उदाहरण त्याहून जुने आहे. १० एप्रिल १९६३ रोजी थ्रेशर ही अमेरिकी पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांतील एखादा सांधा निकामी झाला असावा, हा चौकशीचा मुख्य निष्कर्ष होता. त्यानंतर सुरू झालेल्या ‘सबसेफ’ कार्यक्रमात प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी तपासता येईल असा वस्तुनिष्ठ पुरावा सक्तीचा झाला. परंतु पुरावा तयार करणारा माणूसच दबावाखाली असेल तर त्या पुराव्यावर कितपत विसंबावे?

आणि तो दबाव पुष्कळदा आमच्यासारख्या खरेदीदारांकडूनच येतो, असे माझे मत आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, काम निम्मे झाल्यावर ड्रॉइंगची नवी आवृत्ती पाठवायची, वितरणाची तारीख मात्र जुनीच ठेवायची, बिल महिनोन्महिने अडकवायचे आणि एक लॉट नापास झाला की काळ्या यादीची भीती घालायची. अशा स्थितीत आठ-दहा कामगारांचा कारखाना चालवणाऱ्याने खरे बोलावे ही अपेक्षा न्याय्य ठरत नाही.

स्थानिक पुरवठादारांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन आणि निरीक्षक अनेकदा स्वतःचे वर्कशॉप काढतात. त्यांचे कौशल्य हाच आपला खरा लाभ असतो, पण माल तपासणारा निरीक्षक कालपर्यंत त्यांच्या हाताखाली काम करत होता, हेही विसरता येत नाही. त्यांना सरसकट दूर ठेवणे मला चुकीचे वाटते. तरीही हितसंबंधांची नोंद आणि तपासणीची विभागणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

शेवटी कामगारांविषयी. समुद्रावरील सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराने व्यापारी जहाजांवर १ जानेवारी २०११ पासून अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त साहित्य नव्याने बसवण्यास पूर्ण बंदी घातली आहे. युद्धनौका त्या कराराच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून गॅस्केट व उष्णतारोधक साहित्याबाबतची अट आपल्यालाच करारात घालावी लागते. सँडब्लास्टिंगची धूळ आणि बंदिस्त टाक्यांतील रंगकाम यांच्या अटीही मी जोडत आहे. मात्र या अटींचा खर्च दरात धरला नाही तर त्या कागदावरच राहतील, अशी माझी धारणा आहे. आपले अनुभव अवश्य कळवावेत.

प्रतिसाद १

आपण प्रश्न योग्य जागी धरला आहे. गुणवत्ता-तपासणीच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर मी सांगू शकतो की बहुतेक पुरवठादार दोष लपवतात ते कन्सेशनचा (ठरलेल्या मापापेक्षा थोडा वेगळा भाग स्वीकारण्याच्या परवानगीचा) अर्ज आठवडेच्या आठवडे उत्तराविना पडून राहतो म्हणून. जाडी किंचित कमी भरली, एखादे छिद्र थोडे सरकले, असे कळवले की माल अडकतो, पैसे अडकतात, आणि तो भाग वापरता येईल की नाही हे कोणीच ठरवत नाही. म्हणून करारात पुरवठादारासाठी जशी मुदत असते तशी डिझाइन विभागासाठीही कन्सेशनवर निर्णय देण्याची मुदत घाला, आणि ती टळल्यास वितरणाची तारीख आपोआप तितकीच पुढे जाईल असे स्पष्ट लिहा. माझ्या अनुभवात एवढ्या एका कलमाने जे साधते ते लांबलचक आचारसंहितेने साधत नाही.

दोष आणि लपवणूक यांचे परिणाम निरनिराळे ठेवा. माल पाठवण्यापूर्वी सांगितलेला दोष ही दुरुस्तीची बाब समजावी, त्यावर दंड नसावा आणि पुढील निविदांच्या गुणांकनात तो वजा धरू नये. खोटा निकाल किंवा बदललेला हीट नंबर (धातूच्या एका ओतणीचा ओळख क्रमांक) आढळला तर मात्र करार संपवण्याची तरतूद हवी, आणि ती कोणासाठीही शिथिल करू नये.

कच्च्या मालाबाबत माझी सूचना अशी की महत्त्वाच्या भागांसाठी प्लेट आणि बार कारखान्यानेच विकत घेऊन पुरवठादाराला द्यावेत. त्याचे भांडवल अडकत नाही आणि नकली साहित्य शिरण्याची वाटही अरुंद होते. प्रमाणपत्र कोणत्या प्रकारचे मागता तेही पाहा. धातूच्या तपासणी-प्रमाणपत्रांच्या ईएन १०२०४ या युरोपीय मानकातील ३.१ प्रकारावर उत्पादकाच्याच, पण उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या प्रतिनिधीची सही असते, ३.२ प्रकारात खरेदीदाराचा प्रतिनिधी किंवा नियमांनुसार नेमलेला निरीक्षकही दुजोरा देतो. सगळीकडे ३.२ मागितले तर छोटा पुरवठादार खर्चाने मोडेल, म्हणून समुद्राच्या पाण्याच्या संपर्कातील आणि दाबाखालील भागांपुरतेच ते ठेवा. त्याच हीटमधील नमुने जपून ठेवण्याची अट घाला, त्यांतील काही न सांगता निवडून स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि त्याचे शुल्क कारखान्याने थेट भरावे. हीट ट्रीटमेंट आणि गॅल्व्हनायझिंग पुढे तिसऱ्याकडे सोपवले जाते. त्या युनिटचे नाव आधी कळवल्याशिवाय काम देऊ नये.

निवृत्त सहकाऱ्यांच्या वर्कशॉपबाबत साधा मार्ग पुरतो. नाते किंवा जुना वरिष्ठ-कनिष्ठ संबंध दोन्ही बाजूंनी लेखी जाहीर करावा, त्या मालावर दुसऱ्या शाखेचा निरीक्षक नेमावा आणि नेमणुका ठरावीक काळाने बदलाव्यात. लाचविरोधी व्यवस्थापनासाठी आयएसओ ३७००१ हे मानक २०१६ पासून आहे. ते स्वतःच्या कारखान्याला लावा, छोट्या पुरवठादाराकडून त्याचे प्रमाणपत्र मागू नका.

एक गोष्ट आपल्या प्रश्नात दिसली नाही. नौदलाच्या मागण्या सलग येत नाहीत. एका वर्गातील नौका पूर्ण झाल्या की पुढची मागणी येईपर्यंत वर्षे जाऊ शकतात. ज्या वर्कशॉपने आपल्यासाठी यंत्रे घेतली, वेल्डर तयार केले, ते त्या मधल्या काळात बंद पडते. मागणीचा अंदाज दरवर्षी लेखी द्या, त्यात कपात झाली तर लगेच कळवा, आणि सुटे भाग व दुरुस्तीची कामे त्यांच्याकडे वळवता येतील का ते पाहा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. निर्णयाच्या मुदतीचे कलम आणि कारखान्याने साहित्य पुरवण्याची सूचना मी मसुद्यात घेत आहे. एक शंका राहते. दोष माल पाठवल्यानंतर, भाग नौकेत बसल्यावर पुरवठादाराच्या लक्षात आला, तर भाग काढून पुन्हा बसवण्याचा खर्च त्या भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, आणि तो त्याच्यावर टाकला तर तो कधीच बोलणार नाही. या खर्चाची कमाल मर्यादा ठरवून उरलेला भार कारखान्याने किंवा विम्याने उचलावा, असे कलम कोणी वापरले असल्यास त्याची शब्दरचना येथे द्यावी, ही विनंती.