पुणे ते मुंबई विमानतळ : गाडी कशी ठरवता? अनुभव लिहा

पुण्यातून युरोप-अमेरिकेला जायचं तर बहुतेकांना अजूनही मुंबईच गाठावी लागते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी जाणारी विमानं मोजकीच, त्यामुळे एक्स्प्रेसवे, घाट आणि मग चेंबूर-कुर्ल्याची गर्दी हे आलंच. लाखभराचं तिकीट आपण महिनाभर भाव बघून काढतो आणि गाडी मात्र आदल्या संध्याकाळी कुणीतरी दिलेल्या नंबरावर ठरते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'मुंबई एअरपोर्टला चांगला ड्रायव्हर आहे का कुणाकडे' हा मेसेज सारखा येतो, खाली चार नंबर पडतात आणि विषय संपतो. गाडी कशी होती, पैसे कसे ठरले, सामान बसलं का, रात्री ड्रायव्हर जागा होता का, हे कुणीच लिहीत नाही. ते इथे लिहा. फोन नंबर आणि कुणाची नावं नकोत, नावाच्या जागी आपला भाग लिहा आणि नुसता अनुभव सविस्तर द्या. आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

सहकारनगर

माझा अनुभव सामानाचा आहे. आईबाबा भावाकडे न्यू जर्सीला निघाले होते, दोघांच्या मिळून २३ किलोच्या चार बॅगा, शिवाय दोन हातातल्या. गाडी ठरवताना मी स्पष्ट सांगितलं होतं, चार मोठ्या बॅगा आहेत, दोन माणसं आहेत, सेडान चालेल का. पलीकडून उत्तर, 'बसेल हो मॅडम, रोजचं आहे आमचं.' रात्री गाडी दारात आली, डिकी उघडली तर अर्ध्या जागेत सीएनजीची टाकी! एक बॅग आडवी गेली, दुसरी कशीबशी तिरकी कोंबली आणि झाकण लागेना. ड्रायव्हर बिचारा नवीन होता, त्याला तर किती सामान आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी एक बॅग पुढच्या सीटवर बेल्ट लावून ठेवली आणि एक मागे दोघांच्या मध्ये. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पाय लांब करायला जागा नाही आणि तसेच साडेचार तास ते बसून गेले. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ ला, म्हणजे टी२ ला, व्हीलचेअर मिळाली म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारते, डिकीत टाकी आहे का. आणि डिकी उघडी ठेवून फोटो पाठवायला सांगते. जो खरोखर गाडी चालवतो तो दोन मिनिटांत फोटो पाठवतो, जो नुसता इकडचं बुकिंग तिकडे देतो तो टाळाटाळ करतो. अर्टिगा घेतलीत तर मागची सीट पाडूनच आणायला सांगा. ती सीट उभी असेल तर मोठी बॅग एखादीच राहते, मग सहा माणसं आणि सहा बॅगा हे गणित जमतच नाही, तिथे सरळ इनोव्हा घ्यावी आणि तरी टपावरच्या कॅरियरचं विचारावं.

वाकड

वेळेबद्दल लिहितो. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर मी सुटायच्या वेळेच्या आधी आठ तास घर सोडतो, लोक हसतात, हसू देत. तीन तास आधी विमानतळावर पोचायचं, चार तास रस्ता आणि एक तास घाटासाठी हातात. घाटात एक कंटेनर बंद पडला की मागे रांग लागते आणि तिथून गाडी वळवून परत यायला वाट नसते. शुक्रवार संध्याकाळ आणि लाँग वीकेंडचा पहिला दिवस असेल तर अजून वाढवा. दुपारचं निघणं असेल तर आदल्या दिवशी बातम्या बघा, कामासाठी दुपारी ब्लॉक घेतात आणि ट्रॅफिक जुन्या हायवेवर वळवतात.

कर्वेनगर

झोपेचं लिहितोच, कारण हे कुणी गंभीरपणे घेत नाही. मुंबईला उतरलो होतो, विमान पहाटे आलं, गाडी बाहेर तयार होती, ड्रायव्हर चाळिशीचा, बोलायला चांगला. पनवेल सोडल्यावर तो गप्प झाला. मी मागे बसलो होतो, आरशात बघितलं तर डोळे अर्धे मिटलेले, आणि मग गाडी हळूच डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर गेली, चाकाखालून खर्रर्र आवाज आला तेव्हा तो दचकून सावरला. शंभरचा वेग होता. मी काही ओरडलो नाही, म्हटलं दादा मला लघवीला जायचंय, फूड मॉलला घ्या. तिथे चहा घेतला आणि त्याला सांगितलं, सीट मागे टाका आणि अर्धा तास झोपा, मला घाई नाही. तेव्हा तो मोकळेपणाने बोलला. सकाळी शिर्डीचं भाडं करून आला होता, संध्याकाळी मालकाचा फोन, मुंबईला जा. नाही म्हणायची सोय नाही.

आता बुकिंग करताना मी विचारतोच, उद्या गाडीवर कोण असेल आणि त्याआधी तो कुठे असेल. मालक चिडले तरी चालेल. आणि रात्रीच्या प्रवासात घरातल्या एकाने पुढे बसून बोलत राहावं, घाटात तरी.

पिंपळे सौदागर

मी एकटी प्रवास करते, ऑफिसच्या कामाने. पूर्ण गाडी परवडत नाही, म्हणून शेअर टॅक्सी घेते, सीटप्रमाणे पैसे, घरून उचलतात आणि टर्मिनलला सोडतात. त्रास एकच, आधी कोथरूड, मग औंध, मग आपण, गोळा करत करत पुणं सोडायलाच तास-दीड तास जातो, आणि शेवटी उचलणार असतील तर मागची मधली सीट मिळते. तरी रात्री अनोळखी ड्रायव्हरबरोबर एकटीने जाण्यापेक्षा दोन कुटुंबं बरोबर असलेली मला बरी वाटतात. दिवसाचं विमान असेल तर एसटीच्या शिवनेरी बसने चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरून तिथून टॅक्सी करते, एक बॅग असेल तर सगळ्यात स्वस्त पडतं. दोन मोठ्या बॅगा घेऊन मात्र हे करू नका, हायवेच्या कडेला उभं राहून टॅक्सी शोधणं अवघड जातं.

बाणेर

ॲपवरून इंटरसिटी, म्हणजे शहराबाहेर जाणारी टॅक्सी केली होती. गाडी लागली, नंबर आला, मग फोन, 'सर कुठे जायचंय, ऑनलाइन का कॅश?' ऑनलाइन म्हटल्यावर 'पाच मिनिटांत येतो' आणि गाडी नकाशावर जागची हलेना. तो वाट बघत होता मी रद्द करावं म्हणून, म्हणजे दंड मला. मी नाही केलं, पंचवीस मिनिटांनी त्यानेच केलं. दुसरा आला तो चांगला निघाला, पण ती पंचवीस मिनिटं ज्या मनःस्थितीत गेली ती कुणाला सांगू नये. शहरातल्या शहरात ॲप ठीक आहे, विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशी माणसाशी बोलून ठरवलेली गाडीच हवी असं माझं पक्कं मत झालंय.

औंध

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आली तर बसू नका. मी इन्शुरन्समध्ये काम करते म्हणून कळकळीने सांगते. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. खासगी गाडीच्या पॉलिसीत ती भाड्याने चालवायची परवानगी नसते, ती अट मोडली की अपघातानंतर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग आत बसलेल्या माणसांनी कोर्टाच्या खेपा घालायच्या. 'मालकाची घरचीच गाडी आहे, एकदम नवीन, पाचशे कमी घेतो' असं सांगतात. पाचशे रुपये आणि आपला जीव, विचार करा. गाडीचा नंबर आदल्या रात्री मागून घ्या आणि आलेल्या गाडीशी ताडून बघा, बऱ्याचदा ऐनवेळी दुसरीच गाडी येते.

बिबवेवाडी

पैशांचं सांगतो. '३५०० मध्ये सगळं' असं फोनवर ठरलं, उतरताना हिशोब ४४०० चा. टोल वेगळा, नाइट चार्ज वेगळा, पार्किंग वेगळं, आणि कहर म्हणजे वाशीचा टोल लावला. अहो, मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटचा टोल हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्येच माफ झाला! एक्स्प्रेसवेचा मात्र आहे, १ एप्रिल २०२३ पासून कारला एका बाजूला ३२० झाला, तो देणं योग्यच. मी म्हटलं फास्टॅगचा मेसेज दाखवा, जेवढे कापले तेवढे देतो. मेसेजमध्ये वाशी नव्हतंच, मग 'राहू द्या साहेब' झालं. अटल सेतूने जाऊ का असंही काही जण विचारतात. त्याचा टोल वेगळा, २५०, आणि तो शिवडीला उतरवतो. फोर्ट-कुलाब्याला जायचं असेल तर उपयोग आहे, टी२ ला जाणाऱ्याने वाशी, चेंबूर, सांताक्रूझ लिंक रोड हाच रस्ता धरावा. आता मी ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो, टोल धरून का सोडून, वेटिंग कधीपासून, आणि पलीकडून 'ओके' येईपर्यंत बुकिंग झालं असं समजत नाही.

हडपसर

आणायला गाडी पाठवायची असेल तर वेगळीच काळजी. बहीण जर्मनीहून आली, विमान वेळेवर उतरलं, पण इमिग्रेशन आणि बॅगा यात दीड तास गेला, आणि तिचं जर्मन सिम इथे चालेना. ड्रायव्हर बाहेर फोन लावतोय, इकडे पुण्यात आम्ही फोन लावतोय. शेवटी तिने बाहेर उभ्या असलेल्या एका काकूंचा फोन मागून घेतला. पुढच्या खेपेला ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर आणि भेटायची जागा हे सगळं तिला विमानात बसायच्या आधीच पाठवलं, तिने कागदावर लिहून घेतलं. ड्रायव्हरला फ्लाइट नंबर दिला, वेळ नाही दिली. विमान उशिरा आलं तर तो स्वतः बघतो आणि त्याप्रमाणे निघतो. आत पार्किंगचे पैसे तासावर चढतात म्हणून बरेच जण बाहेर थांबतात आणि बॅगा हातात आल्या की फोन करा म्हणतात, ते रास्त आहे, पण ते आधी ठरलेलं हवं.

खराडी

एक नवीन गोष्ट लक्षात घ्या. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय. त्यामुळे आता 'मुंबई एअरपोर्ट' एवढं सांगून भागत नाही. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे का एनएमआय (नवी मुंबई) ते बघा आणि ड्रायव्हरला शब्दात सांगा, सहार (मुंबईचं जुनं) का उलवे (नवी मुंबईचं). पुण्याहून जाणाऱ्याला उलवे फार सोयीचं आहे, पनवेलच्या बाजूलाच, खाडी ओलांडायची नाही की चेंबूर नाही. आणि सहारचंच असेल तरी टी१ का टी२ ते सांगा, देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात आणि चुकीच्या दारात उतरलात तर पुन्हा रस्त्यावरून फिरून जावं लागतं.

चिंचवड

माझ्या दोन गाड्या या लाइनवर आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. लोक विचारतात, सोडायलाच जायचं तर जाण्यायेण्याच्या निम्मे पैसे का नाही. कारण गाडीला परत यायचंय. मुंबईतून पुण्याचं भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी गाडी घाट चढून येते, टोल भरून, गॅस जाळून. ज्याच्याकडे रिटर्न भाडं आधीच ठरलेलं असतं तो कमी सांगतो, पण त्याला तिकडची वेळ गाठायची असते, म्हणून तो तुम्हाला घाईत नेतो. स्वस्त मिळालं की हे एकदा विचारा.

कर्वेनगरच्या सरांनी लिहिलंय ते खरं आहे. मी रात्रीच्या मुंबईला दिवसभर गाडी चालवलेला मुलगा पाठवत नाही, त्यात माझी भाडी जातात, जाऊ देत. गिऱ्हाइकांनी विचारायला लागलं तर बाकीचेही सुधारतील. आणि एक विनंती, ड्रायव्हरला जेवायला वेळ द्या. रात्री नऊला पुणं सोडलेला मुलगा तुम्हाला एक वाजता सोडतो आणि तिथे त्याला गाडी लावून भाकरी खायला जागा मिळत नाही.

कोथरूड

लोहगावचं पण लिहा कुणीतरी! नवीन टर्मिनल १४ जुलै २०२४ ला सुरू झाल्यापासून आत छान आहे, पण कॅब घ्यायला एरोमॉलपर्यंत, म्हणजे पार्किंगच्या इमारतीपर्यंत, जावंच लागतं आणि रात्री उशिरा तिथे ॲपची गाडी मिळणं नशिबावर. आईला एकटीला यायचं असलं की मी ओळखीच्या रिक्षावाल्या काकांनाच पाठवते, एक बॅग, शांतपणे घरी.

सहकारनगर

चिंचवड, एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात आईबाबा परत येतायत, बॅगा जास्तच असतील. पावसात कॅरियरवर टाकलेल्या चालतात का?

चिंचवड

चालतात ताई, पण आदल्या दिवशी सांगा, कॅरियर सगळ्या गाड्यांना कायम नसतो, लावून घ्यावा लागतो. ताडपत्री गाडीवाल्याची असते पण ती वरून टाकलेली असते, घाटात वारा खालून पाणी मारतो. कापडी बॅगा डिकीत घ्या आणि कडक कवचाच्या वर, आणि प्रत्येक बॅगेला आधी प्लास्टिकची मोठी पिशवी घाला. दोर बांधून झाला की पनवेलच्या अलीकडे एकदा उतरून हात लावून बघायला सांगा, मुंबईच्या खड्ड्यांत तो सैल होतो. घाट लागायच्या आधी आवळलेला बरा.