अंदमान: एप्रिलअखेर, दोन मुलं आणि गुडघेदुखीची आई. एजंटचा बेत तपासून द्या

खामलाकर
नमस्कार मंडळी. परीक्षा आटोपल्या की २० एप्रिलनंतर आठवडाभर अंदमानला जायचं ठरवून राहिलो. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि आई ६८ ची. आईचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर अर्धा तास चालते. पूर्ण शाकाहारी आहे. ताडोबा, पेंच पोरांचं झालंय. आता त्यांना समुद्रातले जीव दाखवायचे आहेत, नुसतं लाटांत लोळायचं नाही.

एजंटनं दिलेला बेत असा. पहिल्या दिवशी पहाटे नागपूरहून निघून दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर आणि लगेच सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी बाराटांग. तिसरा-चौथा हॅवलॉक, पाचवा जॉली बॉय, सहावा नील. सातव्या दिवशी सकाळी नीलहून बोटीनं परत आणि दुपारी १ चं विमान. यात काय बदलावं? आणि आईला बोट लागते, त्याचं काय?

दक्षिणवारा
पहिलं म्हणजे सातवा दिवस बदला. जायच्या दिवशी बोट आणि विमान एकत्र कधीच ठेवू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात किंवा वेळ पुढे ढकलतात, आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. पाच जणांची ऐनवेळची तिकिटं काढायची वेळ आली, तर सगळ्या सहलीपेक्षा तो खर्च मोठा होईल. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. (सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम. हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. तिकिटावर नवं नाव दिसलं म्हणून गोंधळू नका.)

दुसरं, बेटांचा क्रम. जॉली बॉयला बोट वंडूरहून सुटते आणि वंडूर पोर्ट ब्लेअरच्या बाजूला आहे. म्हणजे एजंटनं तुम्हाला हॅवलॉकहून परत आणून पुन्हा नीलला पाठवलंय, बोटीचे दोन फेरे उगाच. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करा. हॅवलॉक-नील खाजगी बोटीनं तासाभराच्या आत-बाहेर, पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक दीड ते दोन तास. सरकारी बोट स्वस्त, पण जास्त वेळ घेते आणि तिकीट मिळवताना दमछाक होते. चौकोनी कुटुंब असतं तर सरकारी सांगितली असती, आजी सोबत आहेत म्हणून खाजगीच घ्या. मुलांसकट सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीत ठेवा आणि धक्क्यावर तासभर आधी पोहोचा.

बोट लागण्यावर: जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागच्या बाजूला घ्या. पुढचं टोक सगळ्यात जास्त उचलतं आणि आपटतं, पण बुकिंग करताना खिडकीच्या हौसेनं लोक नेमकं तेच निवडतात. रिकाम्या पोटी बसवू नका, दोन इडल्या किंवा टोस्ट पुरे. तर्रीपोहे त्या दिवशी नको बाप्पा. अवोमिन किंवा स्टुजेरॉन या उलटी-मळमळीच्या गोळ्या बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, तास-दोन तास आधी पोटात जायला हवी. आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर आणि मुलाच्या डोसासाठी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. दोन्ही गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे उतरताना आईंचा हात धरायला एक जण मोकळा ठेवा.

विमान: नागपूरहून थेट नाही. कोलकाता, चेन्नई, हैदराबाद किंवा बंगळुरूला बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरला जाणारी बहुतेक विमानं सकाळ-दुपारची असतात, म्हणून आदल्या रात्री मधल्या शहरात मुक्काम सोयीचा पडतो. दोन विमानं वेगवेगळ्या तिकिटांवर काढली आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते. शक्यतो एकाच पीएनआरवर काढा.

बाराटांग काढूनच टाका. पहाटे साडेतीन-चारला उठून जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत लागायचं, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जायचं. तिथं थांबणं, फोटो काढणं, काही देणं हा गुन्हा आहे, आणि तसा तो असायलाच हवा. पुढे बार्जनं (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीनं) खाडी ओलांडून छोट्या बोटीनं चुनखडीच्या गुहांपर्यंत जायचं, त्यानंतर चाल. ६ वर्षांचं पोरगं आणि दुखरे गुडघे यांच्यासाठी हा दिवस नव्हे.

उधाण_भांग
वरचं सगळं पटलं. पण समुद्रातले जीव दाखवायचे असतील तर तारखा तिथी बघून ठरवा. हॉटेल, बोट सगळं त्यानंतर. अंदमानात काय दिसणार हे ओहोटी ठरवते, आणि एजंटच्या कागदावर ओहोटीची वेळ कधीच नसते.

अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. पोर्ट ब्लेअरकडे उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईच्या मानानं कमीच, पण नीलच्या किनाऱ्यालगतचा प्रवाळाचा कट्टा इतका उथळ आहे की तेवढ्यात तो बराचसा उघडा पडतो. लक्ष्मणपूरजवळचा दगडी नैसर्गिक पूल आणि त्याभोवतीची डबकी ओहोटीलाच बघता येतात. भरतीला तिथं फक्त पाणी.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की निघा. डबक्यात लगेच हात घालू नका, पोरांना पाच मिनिटं उकिडवं बसवा. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा शंख चालायला लागतो आणि आत खेकडा असतो. काळी, जाड, मऊ नळी पडलेली दिसते, ती समुद्रकाकडी. प्रवाळाच्या खाचेत निळ्या-जांभळ्या मखमलीच्या ओठांसारखं काही दिसलं तर तो मोठा शिंपला. त्याच्यावर नुसती सावली पडली तरी तो ओठ आत ओढून मिटतो, कारण त्या ओठांच्या कडेला प्रकाश ओळखणारे बारीक डोळे असतात. मुलीला सावली पाडून दाखवायला सांगा, हात लावायची गरजच नाही.

पण स्नॉर्केलिंगचं, म्हणजे मास्क-नळी लावून वर तरंगत खालचं बघण्याचं, गणित उलटं आहे. उधाणाच्या ओहोटीत प्रवाळावर गुडघाभरसुद्धा पाणी राहत नाही, माणसं त्यावर उभी राहतात आणि ते मोडतं. पाणी खेचतंही जोरात आणि गढूळ होतं. त्यासाठी भांगाचे दिवस किंवा भरती भरत आल्याची वेळ चांगली. काचतळाच्या बोटीलाही तेच लागू, कमी पाण्यात ती चालवतच नाहीत. आठवडा असा बसवा की हॅवलॉकचे दिवस अष्टमी-नवमीकडे आणि नीलचे अमावास्या किंवा पौर्णिमेकडे येतील. अमावास्या साधली तर आणखी एक फायदा: अंधाऱ्या रात्री हॅवलॉक-नीलच्या शांत पाण्यात हात फिरवला की निळसर चमक दिसू शकते, चांदण्यात ती कळत नाही.

वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरच्या नावानं मिळतात, फोनवरच्या ॲपांतही असतात. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातला 'तिथीची पाऊणपट' हा हिशोब इथं लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ निराळी.

आणि उजेड! घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्या कितीतरी पूर्वेला. एप्रिलअखेर पाच-सव्वापाचला उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नागपूरच्या सवयीनं नऊला नाश्ता करून निघालात तर अर्धा दिवस गेला समजा.

मालवणीमसाला
६ वर्षांच्या मुलासाठी एवढा खटाटोप काहून? गोव्यापर्यंत विमान, तिथून गाडीनं दोन-अडीच तासांत मालवण. सिंधुदुर्गाजवळ प्रवाळ आहे, डॉल्फिन आहेत, खाडीत खारफुटी आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आहेत. बोट लागायचा प्रश्नही फारसा नाही, आणि खर्च निम्म्यावर येतो.

उधाण_भांग
निवट्या बघायला मालवण उत्तमच. पण प्रवाळासाठी पाणी स्वच्छ लागतं आणि मालवणचं पाणी अंदमानच्या मानानं बरंच गढूळ. कोकणातच वेळासला कासवांची पिल्लं बघायचा हंगामही २० एप्रिलनंतर सरत आलेला असतो. डिसेंबरात जाणार असते तर तुमच्याशी वाद घातला नसता. शिवाय अंदमानात पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, त्यामुळे यांचा एप्रिल बरोबर आहे. चक्रीवादळाचा धोका एप्रिल-मेमध्येही थोडा असतो, निघायच्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा रोज बघत जा.

नळीमुखवटा
साहित्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मुलांचे मास्क नागपुरातूनच न्या. तिथं भाड्याचे मिळतात ते मोठ्यांच्या मापाचे. मोठा मास्क लहान चेहऱ्यावर गळतो, नाकात पाणी जातं आणि पोरगं 'मला नाही करायचं' म्हणून मोकळं होतं. माप असं तपासा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर बरोबर, पडला तर दुसरा बघा. सिलिकॉनच्या कडेखाली एक केसाची बट आली तरी गळतो. मिशी असेल तर तुमचाही गळेल, तिथं थोडं व्हॅसलीन लावतात. पट्टा करकचून आवळल्यानं गळती वाढते, कारण कड वाकडी होते. धुकं धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकंसं विसळा. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो आधी घरी टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर शाम्पू लावूनही धुकं येतंच.

जाण्याआधी दोन रविवार पोहण्याच्या तलावात नळीतून श्वास घ्यायचा सराव करून घ्या. लाइफ जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा, नसला तर मुलाच्या हनुवटीपर्यंत वर सरकतं. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मुलांना नको, पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाहीत. अंगात पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे, म्हणजे उन्हाचं मलम कमी लागेल आणि प्रवाळावरही ते कमी जाईल. पायात जाड तळव्याचे पाण्यातले बूट, कारण अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, उथळ पाण्यातच असतात.

मुलीचं स्कूबा (हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं): बहुतेक ठिकाणी १० वर्षांपुढे घेतात. सर्दी असेल तर नाही म्हणजे नाही, कानाचा दाब निघत नाही. आणि स्कूबानंतर विमानात बसण्याआधी १८ तास जाऊ द्या. म्हणून ते हॅवलॉकलाच उरका, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरोखर आहेत आणि २०१० साली हॅवलॉकला एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून बसायचं नाही, पण खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ, पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरायचं नाही. जाळी लावलेल्या भागातच पोहा. जीवरक्षकानं शिट्टी मारली की 'पाच मिनिटं फक्त' चालत नाही.

पंखमित्र
आईंसाठी थोडं. नीलचा भरतपूर किनारा धक्क्यालगत आहे, वाळू सपाट, काचतळाची बोट तिथूनच. लक्ष्मणपूरच्या पुलाकडे त्यांना नेऊ नका, मेलेल्या प्रवाळाचे टोकदार, निसरडे दगड आहेत. हॅवलॉकचा राधानगर चालायला छान. तिथं ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती खेकड्यांनी वाळू चाळून अन्न काढल्यावर टाकलेली. एलिफंट बीचला बोटीनं जा, जंगलातली वाट त्यांना झेपणार नाही.

जॉली बॉय मला आवडतो, पण तुमच्यासाठी शंकाच आहे. धक्का नाही, मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरावं लागतं. सोमवारी बंद. प्लास्टिक चालत नाही, डबा स्टीलचा आणि पाण्याची बाटलीही तशीच. त्याऐवजी एक संध्याकाळ पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेच्या चिडिया टापूला द्या. गाडी जवळपर्यंत जाते आणि आई बसल्या जागी सूर्यास्त बघतील. सिप्पीघाटच्या पाणथळीवरही थांबा. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, शेतात समुद्र शिरला आणि तिथं पाणथळ झाली. आता बगळे, बदकं, किनाऱ्यावरचे पक्षी तिथं जमतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड कुठंही दिसू शकतो, बोटीत बसल्यावर मान वर ठेवा. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावरची चितळं मात्र बाहेरून आणून सोडलेली आहेत, ती पेंचला फुकट बघून झालीत तुमची.

जाहिरातीतला डुगाँग (समुद्रगाय) दिसेल म्हणून मुलांना आशा लावू नका. तो अंदमानचा राज्यप्राणी आहे, पण सहजी दिसत नाही. कासवांच्या अंड्यांचा हंगामही कालीपूरला, दूर उत्तरेत, आणि थंडीतला.

परतताना बॅगा तपासा. पोरांच्या खिशात प्रवाळाचा तुकडा निघतोच आणि विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतो. प्रवाळ आणि समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ताडोबातल्या वाघाच्या पंगतीला. मेलेला होता, वाळूत पडला होता, ही सबब चालत नाही.

खामलाकर
बाराटांग, जॉली बॉय दोन्ही बाद. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. आता पंचांग घेऊन बसतो. एकच राहिलं, मुलीला चष्मा आहे, उणे ३. मास्कमध्ये काय करायचं?

नळीमुखवटा
चष्म्याची दांडी मास्कमध्ये बसत नाही, तो नाद सोडा. नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात. दोन्ही डोळ्यांना वेगळी काच असलेलाच मास्क घ्या, एकसंध काचेच्या मास्कमध्ये त्या बसत नाहीत. पाण्यात सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे उणे ३ ला उणे अडीचची काचही चालून जाते. ११ व्या वर्षी कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरवू नका. एप्रिलच्या तोंडावर शोधत बसू नका, मागवायला वेळ लागतो. आणि चष्म्याला मानेत अडकवायची दोरी लावा, बोटीत चढता-उतरताना तो पाण्यात जातो.